पोराला काय येतं ते सर्टिफिकेटवर लिहा : शाळेतल्या व्होकेशनल कोर्सवाल्यांना खुलं पत्र

हायस्कूलमध्ये व्होकेशनल सर्टिफिकेट कोर्स चालवणारे मुख्याध्यापक, संस्थाचालक, आणि हे कोर्स मंजूर करणाऱ्या बोर्डांमधली सगळी सर-मॅडम मंडळी,

स.न.वि.वि.

मी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. शेड, जिने, रेलिंग, मशीनचे स्टँड असली कामं. शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं कामाला ठेवतो, त्यामुळे तुम्ही वाटलेली सर्टिफिकेटं शेवटी माझ्यासारख्यांच्याच टेबलावर येतात, आणि एक गोष्ट बरेच दिवस सांगायची राहिलीय म्हणून हे लिहायला घेतलं. तुमचं सर्टिफिकेट वाचून मला त्या पोराबद्दल काहीच कळत नाही. खरंच, काहीच नाही.

कागद छान असतो हो. जाड, सोनेरी बॉर्डर, कोपऱ्यात दोन-तीन लोगो, खाली तीन सह्या, आणि मधे "कोर्स यशस्वीरीत्या पूर्ण केला, ग्रेड ए". पण कुठलं वेल्डिंग, स्टिक (हातातल्या रॉडने) का मिग (मशीनमधून आपोआप येणाऱ्या तारेने)? किती जाडीच्या प्लेटवर? टेबलावर आडवं ठेवून का उभ्या खांबाला? पोराच्या हातात रॉड धरायचा होल्डर एकूण किती तास होता? तपासलं कोणी, शिकवणाऱ्या सरांनीच का बाहेरच्या कोणी? याबद्दल अवाक्षर नाही. ग्रेड ए मात्र सगळ्यांना.

मग मी काय करतो, तर कागद बाजूला ठेवतो आणि पोराच्या हातात ६ मिमी प्लेटचे दोन तुकडे आणि रॉड देतो, म्हणतो टी-जॉइंट, म्हणजे एका प्लेटवर दुसरी काटकोनात उभी जोड, मारून दाखव. खरी माहिती आर्क पेटायच्या आधीच मिळायला लागते. प्लेटवरचा गंज आणि रंग आधी घासून काढतो का, अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणारा चिमटा) नीट धातूवर बसलाय का ते बघतो का, करंट किती ठेवायचा हे विचारतो का नुसतं नॉब फिरवतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी दोन्ही टोकांना टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारतो का सरळ एका बाजूने सुरुवात करतो, कारण टाके न मारता सुरू केलं की प्लेट तापून ओढली जाते आणि काटकोन गेलाच म्हणून समजा. मग स्लॅग (वेल्डवर जमणारा मळीचा थर) काढताना डोळ्याला चष्मा लावतो का. दहा मिनिटं पुरतात. ग्रेड ए वाली कितीतरी पोरं पहिल्याच झटक्याला रॉड प्लेटला चिकटवून बसतात आणि तो सोडवायचा कसा तेही त्यांना माहीत नसतं. विचारलं की खरं सांगतात बिचारी : मशीन एकच होतं, वर्ग मोठा होता, सर करून दाखवायचे आणि आम्ही मागून बघायचो.

यात पोराची चूक शून्य. त्याला कोणीतरी लेखी सांगितलंय की तुला वेल्डिंग येतं, त्याने विश्वास ठेवला. आणि पहिल्याच ठिकाणी चार लोकांसमोर त्याला कळतं की येत नाही. हे त्याच्याशी कोण करतंय, मी का तुम्ही?

आता म्हणाल की मग कागदावर लिहायचं तरी काय. आमच्या धंद्यात याचं उत्तर कधीच ठरलंय, तुम्हाला नवीन काही शोधायला नको. वेल्डरची टेस्ट कशी होते बघा. दोन प्लेटी जोडायच्या, त्या जोडातून पट्ट्या कापायच्या, वरचा फुगवटा ग्राइंड करून सपाट करायचा आणि मग ती पट्टी प्रेसमध्ये घालून चक्क यू आकारात वाकवायची. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी१.१ म्हणून कोड आहे, त्याप्रमाणे वाकलेल्या बाजूला कुठलाही एक दोष ३ मिमीपेक्षा मोठा उघडला की पट्टी नापास. परीक्षकाचा मूड नाही, वशिला नाही, तोंडी परीक्षेत गोड बोलून मिळवलेले मार्क नाहीत. आत भोक राहिलं असेल, स्लॅग अडकली असेल, तर वाकवल्यावर लोखंड स्वतःच तोंड उघडतं. आणि पास झाल्यावर जो कागद मिळतो त्यावर स्तुती नसते, फक्त माहिती असते : कुठली प्रोसेस, कुठली पोझिशन, किती जाडीपर्यंत. वर अट अशी की सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ त्या प्रोसेसने कामच केलं नाही तर ती पात्रता संपते. हा झाला कागद. ड्रायव्हिंग लायसन्सवर कसं कुठल्या प्रकारची गाडी चालवता येते ते लिहिलेलं असतं, "वाहन उत्तम चालवतो" असं कोणी लिहीत नाही.

वेल्डिंगचंच उदाहरण देतोय कारण मला तेच कळतं, पण दुसरीकडेही हेच आहे. अमेरिकेत बऱ्याच हायस्कुलांमध्ये नर्सिंग असिस्टंटचा कोर्स असतो. तिथे केंद्राचा नियमच आहे की किमान ७५ तासांचं ट्रेनिंग पाहिजे, त्यातले निदान १६ तास कोणाच्या तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि शेवटी लेखी किंवा तोंडी परीक्षेशिवाय करून दाखवायची परीक्षा वेगळी. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं यावर चार पर्यायांचा प्रश्न सोडवून भागत नाही, वळवून दाखवावं लागतं. ७५ तास पुरेसे आहेत का यावर वाद घालता येईल, पण निदान तास मोजलेत आणि हात बघितलेत.

याच्या उलट उदाहरण म्हणजे सेफ्टीचं दहा तासांचं कार्ड, ओशावालं, म्हणजे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचं. कार्ड वाईट नाही, माझ्याकडे येणाऱ्या पोराकडे ते असेल तर मला बरंच वाटतं. पण ओशा स्वतः सांगते की हे सर्टिफिकेशन नाही, ही प्राथमिक ओळख आहे. आणि शाळांच्या जाहिरातीत तेच "इंडस्ट्री सर्टिफिकेट" म्हणून मोजलं जातं. मोजायची एवढी हौस का असते ते पुढे सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये काय झालं ते तुमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये वाचून दाखवायला पाहिजे. तिथे शाळांची क्रमवारी दाखवणारे निकालाचे तक्ते छापले जायचे आणि त्यात काही व्होकेशनल कोर्स एकाच वेळी चार-चार नेहमीच्या विषयांएवढे मोजले जायचे. मग शाळांनी काय केलं असेल? जे कोणीही केलं असतं तेच. सोपे कोर्स शोधले आणि पोरं घाऊक भावात त्यात बसवली. तक्ता चढला. २०११ मध्ये प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांचा सरकारसाठी केलेला अहवाल आला आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की सोळा ते एकोणीस वयातल्या किमान साडेतीन लाख मुलांना या शिक्षणाचा फारसा काही फायदा होत नाहीये. २०१२ च्या सुरुवातीला सरकारने जाहीर केलं की तक्त्यात धरले जाणारे असे कोर्स ३,१७५ वरून १२५ वर आणणार. तीन हजारांवरून सव्वाशे! आणि मधल्या काळात ज्या पोरांनी ते बाकीचे कोर्स केले, त्यांच्या हातात जो कागद आहे त्याचं काय, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तक्त्यातून कोर्स काढता येतो, पोराच्या आयुष्यातून ती दोन वर्षं कशी काढणार.

भारतातही आकडेच आकडे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात म्हटलं होतं की १९९० पर्यंत उच्च माध्यमिकचे १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थी व्यावसायिक शाखेत आणायचे, मग १९९२ मध्ये त्याच टक्क्यांच्या तारखा पाच-पाच वर्षं पुढे ढकलल्या. २०२० चं धोरण आलं, त्यात २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून द्यायचं ठरलं. हेतू चांगलाच आहे, मी त्यावर बोट ठेवत नाही. पण बघा ना, टार्गेट नेहमी किती पोरं बसली याचं असतं, किती पोरांना काम आलं याचं नसतं. बसलेली पोरं मोजणं सोपं, हजेरीपटावरून होतं. आलेलं काम मोजायला बाहेरचा माणूस आणावा लागतो आणि बाहेरच्या माणसाची पंचाईत अशी की तो नापास करू शकतो.

तर माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी हीच : शिकवणारा आणि तपासणारा एक ठेवू नका.

जर्मनीचं नाव काढलं की तुम्ही हसाल, कारण प्रत्येक सेमिनारमध्ये जर्मनी येतेच, स्लाइडवर निळा ड्रेस घातलेला पोरगा लेथवर उभा असतो, टाळ्या होतात, जेवण होतं आणि सगळे घरी जातात. पण त्या पद्धतीतला जो भाग फुकटात उचलता येतो तो कोणी उचलत नाही. तिथे पोरं आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असतात हे सगळ्यांना पाठ आहे. पण शेवटची परीक्षा शाळा एकटी घेत नाही, चेंबर, म्हणजे उद्योग-व्यापाऱ्यांची अधिकृत संस्था, घेतं, आणि १९६९ च्या कायद्यापासून त्या परीक्षा समितीत मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि शिक्षक असे तिघंही बसतात. तीन बाजूंची तीन माणसं, तिघांना तीन वेगळ्या काळज्या, त्यामुळे कोणी एकट्याने ढकलगाडी करू शकत नाही. तुमच्याकडे चेंबर नसेल, नसू दे. तुमच्या कोर्सची पोरं शेजारच्या शाळेच्या सरांनी तपासावीत आणि सोबत धंद्यातला एक माणूस असावा, एवढं उद्यापासून करता येतं, त्याला कुठल्या कायद्याची वाट बघायला नको. आणि "निकाल शंभर टक्के" चे बॅनर लावणं बंद करा प्लीज. पहिल्या बेंड टेस्टला, म्हणजे वर सांगितलेल्या पट्टी वाकवायच्या टेस्टला, सगळेच पास झाले असं मला कोणी सांगितलं तर मी आधी प्रेस चालू होता का ते विचारेन.

दुसरं, सामान. मशीन घ्यायला ग्रँट मिळते, उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. त्यानंतर रॉड, प्लेट, गॅस, ग्राइंडिंगच्या डिस्क, हातमोजे, काळ्या काचा, हे दर महिन्याला लागणारं सामान कोणाच्या बजेटमध्ये असतं? बऱ्याचदा कोणाच्याच नाही. मग सर बिचारे काटकसर करतात, म्हणजे स्वतः एकदा करून दाखवतात आणि बाकीचे थिअरी लिहून काढतात. वेल्डिंगचा हात हा रॉड जाळूनच बसतो, याला शॉर्टकट नाही. नवशिक्याची पहिली खोकाभर कामं भंगारातच जाणार, आणि तो खर्च वाया गेला असं समजणारा माणूस कोर्सच्या कमिटीवर नसावा. मशीन एक कमी घ्या पण प्लेट दुप्पट घ्या. एका प्लेटच्या दोन्ही बाजू वापरता येतात, टी-जॉइंट कापून परत मारता येतो, आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये ऑफकट (कापून उरलेले तुकडे) पडलेले असतात, मागितले तर मिळतात. मागायला कोणी येत नाही.

शिकवणाऱ्या सरांबद्दल जास्त बोलत नाही, त्यांची अवस्था मला माहितीये. कंत्राटी, पगाराचा भरवसा नाही, वर दोन कारकुनी कामं डोक्यावर. एवढंच करा की दरवर्षी सुट्टीत त्यांना दोन आठवडे पगारी एखाद्या चालू वर्कशॉपमध्ये पाठवा. वेल्डिंगला इन्व्हर्टर मशीन आल्यापासून कितीतरी गोष्टी बदलल्या, पुस्तकात मात्र अजून जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचंच चित्र.

आता जरा कडू बोलतो. तुम्ही या कोर्सला कोणाला पाठवता? ज्याला गणित जमत नाही, जो मागच्या बाकावर झोपतो, ज्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये "याचं काही होणार नाही" असं ठरलंय, त्याला. हे काही आजचं नाही. अमेरिकेत १९१७ मध्ये स्मिथ-ह्यूज कायदा आला, शाळांमधल्या धंदेशिक्षणाला केंद्राचे पैसे सुरू झाले, आणि त्याच्याही आधी तिथले शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई ओरडून सांगत होते की धंदेशिक्षणाची वेगळी चूल मांडू नका, नाहीतर पोरांची आधीच वाटणी होईल. झालीच वाटणी. पुढे तिथे नाव बदलून "करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन" केलं, पण पाठवायची पद्धत बदलायला नावाच्या कितीतरी पुढे जावं लागतं.

आणि गणित जमत नाही म्हणून माझ्याकडे पाठवता हा तर विनोदच आहे. चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का हे कसं बघतात माहितीये? दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तर काटकोन बरोबर. मोठ्या शेडला गुण्या पुरत नाही, तिथे ३-४-५ चं माप टाकतात, म्हणजे पायथागोरसच. प्लेटचं वजन काढायचं असेल तर एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी म्हणजे ७.८५ किलो, त्यावरून कोटेशन, त्यावरून क्रेन लागेल का चार माणसं उचलतील ते. जिन्याच्या पायऱ्या काढताना उंची भागिले पायऱ्या आणि वर उतार, तिथे अर्ध्या सेंटीमीटरची चूक पंधरा पायऱ्यांत साडेसात सेंटीमीटर होते आणि शेवटच्या पायरीला माणूस अडखळतो. तर गणित कच्चं असलेला पोरगा माझ्याकडे येऊन सुटत नाही, इथे चुकलं की लोखंड कापलं गेलेलं असतं आणि ते परत जोडताना सगळे बघत असतात. उलट तुम्ही हेच गणित त्याला प्लेटवर शिकवलं असतं तर कदाचित वर्गातही जमलं असतं. आणि मुलींना न विचारता शिवण आणि ब्युटीच्या कोर्सला बसवणं पण थांबवा. हात स्थिर असणं हे ज्या कामात सगळ्यात मोठं भांडवल आहे तिथे अर्धा वर्ग आधीच बाहेर ठेवताय.

चांगली पोरं या कोर्सकडे यायची असतील तर पुढचा दरवाजा उघडा पाहिजे आणि तो उघडा आहे हे आई-वडिलांना लेखी सांगता आलं पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये शाळा संपल्यावर साधारण दोन-तृतीयांश मुलं व्होकेशनलकडे जातात, आणि ती सगळी काही अभ्यासात मागची नसतात. १९९४ पासून तिथे धंदेशिक्षणासोबत एक वेगळी परीक्षा देता येते आणि ती पास झाली की उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय चोविसाव्या वर्षी बदलता येतो. तुमच्या माहितीपत्रकात "उज्ज्वल भविष्य" असं लिहिलेलं असतं, त्याऐवजी कुठली कॉलेजं हे सर्टिफिकेट धरतात, किती क्रेडिट देतात, एवढं दोन ओळींत छापा. एकही धरत नसेल तर तेही छापा.

आमच्या बाजूच्या लोकांनाही मोकळं सोडू नका. इंटर्नशिपच्या नावाखाली पोरं येतात आणि काही मालक त्यांना झाडू मारायला, सामान आणायला आणि गाडी भरायला लावतात, मशीनला हात नाही, आणि शेवटी हसत सही करून देतात. इंग्लंडमध्ये टी लेव्हल्स नावाचे व्होकेशनल कोर्स २०२० ला सुरू झाले, त्यात कंपनीतलं काम किमान ३१५ तास, म्हणजे साधारण ४५ दिवस लागतं. तास ठरवलेत हे बरं, पण तासांत काय केलं हे रोज लिहिलं गेलं नाही तर ३१५ तास झाडूही मारता येतो. पोराच्या हातात वही द्या, रोज काय केलं ते एक ओळ, बाजूला सुपरवायझरची सही, आणि तुमचे सर पंधरा दिवसांतून एकदा न सांगता येऊ देत. ज्याला ते नको असेल त्या मालकाकडे पोरगं पाठवूच नका. आणि "लहान आहेत, धोका आहे" म्हणून मशीनला हातच लावू न देणाऱ्या शाळाही आहेत. काळजी रास्त आहे, अठराच्या आतल्या पोरांना धोक्याच्या नोकरीवर ठेवू नये हे १९७३ चा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) करार सांगतोच. पण तोच करार शाळेत शिक्षणाचा भाग म्हणून केलेलं काम त्यातून वेगळं ठेवतो. देखरेख, चष्मा, हातमोजे, एका मशीनमागे ठराविकच पोरं, आणि मग करू द्या की. बघून कोणी शिकलंय का.

तर सर्टिफिकेट. पुढची बाजू तुम्हाला आवडते तशीच ठेवा, सोनेरी बॉर्डर राहू दे, फोटोत छान दिसते, घरी भिंतीवर लावतात, त्याचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. मागची बाजू मला द्या. तिथे लिहा की स्टिक वेल्डिंग, ६ मिमी प्लेट, आडवा फिलेट (दोन प्लेटींच्या काटकोनी कोपऱ्यातला वेल्ड) : एकट्याने जमतं. उभा फिलेट : कोणी सोबत असेल तर जमतं. ओव्हरहेड (डोक्यावरचा जोड) : घेतलेलं नाही. मिग : दाखवलेलं आहे, केलेलं नाही. मशीनवर प्रत्यक्ष तास इतके. कुठल्या तारखेला तपासलं, कोणी तपासलं, तो माणूस काय काम करतो. बास. यातली "घेतलेलं नाही" ही ओळ माझ्यासाठी सगळ्यात किमती आहे, कारण ती असली की वरच्या ओळींवर माझा विश्वास बसतो.

एका मुख्याध्यापकांशी यावर बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले की असं लिहिलं तर मुलं नाउमेद होतील. मला उलटं वाटतं. "आडवा फिलेट जमतो, उभा शिकायचाय" हे माहीत असलेला पोरगा माझ्याकडे येऊन सांगतो की मला उभं शिकवा, आणि मी त्याला ठेवतो, कारण त्याला कुठून सुरू करायचं ते मला कळतं. ज्याच्याकडे नुसता ए ग्रेड आहे त्याला काही विचारताच येत नाही, त्याला सगळं येतं असं आधीच लिहून झालंय. शिवाय मागची बाजू वाढवता येते. पोराने वर्षभराने परत येऊन ओव्हरहेडची टेस्ट दिली तर एक ओळ वाढवून शिक्का मारून द्या, त्यासाठी अख्खा कोर्स परत करायला लावू नका.

माझ्याकडून काय मिळेल तेही सांगतो म्हणजे नुसती तक्रार नको. परीक्षेच्या दिवशी मी येईन, मानधन नको. ऑफकट देईन, न्यायची गाडी तुमची. प्रेस माझ्याकडे आहे, पट्ट्या तिथे वाकवू, पोरांना समोर उभं करून, त्यांना स्वतःच्या जोडाच्या आत काय होतं ते बघू दे. माझ्या ओळखीत लेथवाले, इलेक्ट्रिकलवाले आणि प्लंबिंगवाले आहेत, तेही येतील, विचारून ठेवलंय. अट एकच : मी नापास लिहिलं तर ऑफिसमध्ये बसून त्याचं पास करायचं नाही. पोराला पुढच्या महिन्यात परत बसवा, मी परत येतो.

आपला,
पोरं कामाला ठेवणारा एक फॅब्रिकेटर

ता.क. : सर्टिफिकेटवर पोराचं नाव त्याच्या बाकीच्या कागदपत्रांवर आहे तसंच छापा हो. एका अक्षराच्या फरकामुळे पोरं तुमच्या ऑफिसला खेटे घालत बसतात, आणि तेवढे दिवस मलाही त्यांना रजिस्टरवर घेता येत नाही.